पान एकशे अठरा

मित्रांनो, माझ्या पोटात सव्वीस वर्षे एक पत्र होते. पान एकशे अठरा आणि एकशे एकोणीस यांच्यामध्ये. ते सरांना आले होते आणि सरांनी त्याला कधी उत्तर दिले नाही.

मी कलनशास्त्राचा एक जुना ग्रंथ. ग्रंथ हा शब्द मला जरा सैलच होतो. तुम्ही आपले पुस्तक म्हणा. छापखान्यात जुळारी माझी चिन्हे एकेक करून लावायचा आणि पुटपुटायचा, "हे वाचणार कोण, देव जाणे." बांधणी झाली, कणा डिंकाने चिकटला, आणि नव्याने नोकरीला लागलेल्या एका गणिताच्या शिक्षकाने मला विकत घेतले. तेच हे सर. अतिशय बुजरे. वर्गात शिरण्यापूर्वी दाराबाहेर थांबून माझे पान एकदा चाळणार, घसा खाकरणार, मगच आत.

माझे चौथे प्रकरण सीमा आणि सांतत्य यांचे. सर ते जीव ओतून शिकवत. फळ्यावर रेघ ओढत, मधेच एक बारीक भोक ठेवत आणि म्हणत, "भोकाच्या हवं तितकं जवळ जा. डावीकडून जा, उजवीकडून जा. दोन्हीकडून एकाच उंचीला येताय ना? मग ती सीमा. भोकात पाय ठेवायची गरज नाही." मग खडूचा एकच ठिपका देऊन भोक बुजवत. "झालं फलन संतत! एका ठिपक्याचं काम होतं." मुले खूश. सरांचे कान लाल.

पण घाईच्या दिवशी ते एक सोपा नियम सांगत: पेन न उचलता आलेख काढता आला तर संतत, उचलावे लागले तर असंतत. माझ्या पान एकशे अठरावर व्याख्या छापलेली होती. त्यात 'प्रांतातील बिंदूपाशी' असे शब्द होते. फलन ज्या संख्यांवर काम करते, त्या संख्या म्हणजे त्याचा प्रांत. सर वाचताना ते शब्द नेहमी गिळून टाकत. ते तर उघडच आहे, असे त्यांना वाटे.

वर्गात घड्याळे दुरुस्त करणाऱ्या घड्याळजींची मुलगी होती. प्रत्येक वाक्य "पण सर" असे सुरू करायची, म्हणून पोरांनी तिचे नाव पणबाई ठेवले होते. परीक्षेत प्रश्न आला: एक भागिले क्ष हे फलन संतत आहे का? सगळ्यांनी लिहिले, शून्यापाशी असंतत. पणबाईने लिहिले, संतत. सरांनी शून्य गुण दिले.

"पण सर, शून्य त्याच्या प्रांतातच नाही," ती उभी राहून म्हणाली. "ज्या घरी माणूस कधी गेलाच नाही, तिथं त्यानं भांडण केलं असं कसं म्हणायचं?"

"पेन उचलावं लागलं की नाही?"

"लागलं, पण..."

"मग बस खाली."

"पणबाई आपटल्या!" मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडले. वर्ग हसला. सरही किंचित हसले. ते हसू मी टेबलावरून पाहिले.

चार दिवसांनी तिचे पत्र आले. सोबत उत्तरपत्रिकेचे ते पान. लिहिले होते: 'सोमवारी पुढचा विषय निवडायचा आहे. मला इतकं साधंही कळत नसेल तर मी गणित सोडते. चूक कुठे झाली तेवढी कळवा. बरोबर असेल तरी कळवा.' खाली सही, 'पणबाई'.

सरांनी मला उघडले. व्याख्येवर बोट ठेवून एकेक शब्द वाचला. 'प्रांतातील'पाशी बोट थांबले. त्यांचा चेहरा उतरला. कोरा कागद घेतला, दोन ओळी लिहिल्या, फाडल्या. पुन्हा लिहिल्या, पुन्हा फाडल्या. शेवटी पत्र माझ्यात ठेवले आणि मला घरच्या काचेच्या कपाटात कोंबले, एका जाड शब्दकोशाच्या आणि भूमितीच्या मधे. सोमवार आला आणि गेला. पणबाई नंतर वर्गात दिसली नाही.

मित्रांनो, तिथे श्वास घ्यायला जागा नव्हती. दमट दिवसांत शब्दकोश फुगायचा आणि माझ्या फासळ्या दाबायचा. पत्राची घडी आतून बोचायची. सर निवृत्त झाले. कधीकधी कपाटापाशी येत, हात पुढे करत. बोट माझ्या कण्यापासून वीतभर, पुढच्या खेपेला चार अंगुळे, मग कागदाच्या जाडीइतक्या अंतरावर. तिथून परत. जवळ येण्याची सीमा होती, स्पर्श मात्र नव्हता. मंडईतही ते लांबच्या रस्त्याने जात, कारण जवळच्या रस्त्यावर घड्याळजींचे दुकान होते. कोंडलेला काही मी एकटाच नव्हतो.

परवा काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, कपाट उघडले. "अहो, सकाळी रंगारी येणार! ही पुस्तकं हलवा. वाळवी एव्हाना पदवीधर झाली असेल." मला ओढले तसे पत्र खाली पडले. काकूंनी ते उभ्याउभ्या वाचले.

"ही पणबाई म्हणजे घड्याळवाल्यांची? अहो, वडील गेल्यापासून दुकानात तीच बसते. माझं घड्याळ तीच दुरुस्त करते."

सरांनी हातातली पुस्तके खाली ठेवली. "गणित सोडलं म्हणजे तिनं."

"बरोबर कोण होतं?"

"ती."

"तुम्हाला कधी कळलं?"

"पत्र आलं त्याच दिवशी."

काकू एरवी टोमणा राखून ठेवत नाहीत. त्या दिवशी त्यांनी पत्र आणि सोबतचे उत्तरपत्रिकेचे पान नुसते सरांच्या हातात दिले. हे सरांना फार लागले असावे.

"आता कळवून काय उपयोग?" सर पुटपुटले. "तिचे दिवस थोडेच परत येणार?"

"नाही येणार. पण तिनं विचारलंय ना? चला तिच्याकडे."

"तोंडानं नाही जमायचं गं मला."

"मग लिहा. रंगारी यायच्या आत."

सरांनी लाल पेन शोधले. उत्तरपत्रिकेवरचे शून्य खोडून पूर्ण गुण लिहिले, सही केली. खाली लिहिले: 'तुझे उत्तर बरोबर होते. तुझे पत्र आले त्याच दिवशी मला ते कळले होते. कबूल करायचा धीर झाला नाही. चूक माझी.' या वेळी कागद फाडला नाही. पान पाकिटात घालून वर दुकानाचा पत्ता लिहिला, तिकीट डकवले, शाई फिसकटू नये म्हणून पाकीट माझ्यातच ठेवले आणि मला काखेत मारून निघाले.

मित्रांनो, तुमची पुस्तके कपाटात गुदमरू देऊ नका, आणि त्यांतला एखादा शब्द सोपा वाटला म्हणून गिळू नका. कोणी काही विचारले असेल, तर उत्तर वेळेत द्या. उशीर झाला असला तरी द्या. मी साधे पुस्तक, मी कोण सांगणार? पण माझ्या पान एकशे अठरावर एका घडीचा पिवळा ठसा आहे, तो पुसला जाणार नाही.

त्या दिवशी सर जवळच्या रस्त्याने गेले. दुकानात एक बाई डोळ्याला भिंग लावून खाली वाकली होती. तिने वर पाहिले नाही. सर थांबले, घसा खाकरला, वर्गाच्या दाराशी खाकरत तसाच. मग समोरच्या टपालपेटीशी जाऊन त्यांनी मला उघडले, पाकीट फटीत धरले आणि बोटे सोडली.