उतरता आकडा

"बरी? पोरगी कुठं बरी झालीय, ताई! महिना झाला, खोलीबाहेर पाऊल टाकलं नाही तिनं!"

फोनवर मुलीची आई कडाडली आणि दवाखान्यातल्या ताईंनी फाइल उघडली. समोरच्या कागदावर त्याच मुलीचे आकडे होते: पंधरा, अकरा, सहा, दोन. इतका भराभर आकडा दुसऱ्या कुणाचाच उतरला नव्हता.

उगाचच छाती धडधडणाऱ्या, भीतीनं गारठणाऱ्या तरुण पोरापोरींना गोळ्या जास्त लागू पडतात की मोबाइलवरचं समुपदेशन, याची त्या दवाखान्यात पाहणी चालली होती. निम्म्यांना हे, निम्म्यांना ते. ताईंनी दर पंधरवड्याला फोन करून सात प्रश्न विचारायचे. त्रास नसेल तर शून्य, फार असेल तर तीन; सातांची बेरीज म्हणजे आकडा. कुणाला कुठला उपचार चाललाय हे ताईंना कळता कामा नये, आणि उत्तरावर चांगलंवाईट काही बोलायचं नाही.

पहिला नियम त्यांनी काटेकोर पाळला. दुसरा काही जमेना. बावीस वर्षं लसीच्या टेबलावर रडकी पोरं चुचकारलेली नर्स ती! आकडा उतरला की आपसूक तोंडातून निघायचं, "शाब्बास ग माझी राणी!"

"तुमचा फोन यायचा म्हटलं की केस विंचरून बसायची," आई आता रडतच होती. "म्हणायची, 'आजवर मला कुणी शाब्बास म्हटलंय, आई? त्यांना कशाला वाईट वाटू द्यायचं?' आणि आता म्हणे ती बरी झाली, उपचार बंद!"

ताई तडक डॉक्टरांच्या खोलीत शिरल्या. "साहेब, हे आकडे खोटे आहेत. मीच लाडावून ठेवली तिला. उपचार परत सुरू करा."

"आकडा पेशंटनं दिलाय, ताई. एकदा नोंदवहीत चढला तो चढला."

"आणि पोरगी?"

"बाह्यरुग्ण विभागात नाव घालू दे. तीन महिन्यांत नंबर लागेल." डॉक्टरांनी आवाज खाली आणला. "अन् ते शाब्बासचं बाहेर बोलू नका. तुमची नोकरी जाईल, माझी पाहणी जाईल."

"आग लागो तुमच्या पाहणीला!" ताई म्हणाल्या आणि बाहेर आल्या. म्हणायला काय जातं? पण राग डॉक्टरांपेक्षा स्वतःच्या जिभेचाच जास्त होता.

खुर्चीत बसून त्यांनी पुन्हा नंबर लावला. "बाळा, आज खरंखरं सांगायचं. मला बरं वाटावं म्हणून नाही. जीव घाबरा होतो?"

पलीकडून मुलीचा आवाज आला.

"तीन."

"काळजी आवरता येत नाही, असं होतं?"

"तीन."

ताईंनी सातही प्रश्न विचारले. मध्ये एक शब्द बोलल्या नाहीत, हुंकारसुद्धा दिला नाही. बेरीज एकवीस झाली. याच्या वर आकडाच नव्हता.

पलीकडून मुलीनं दबकत विचारलं, "ताई, रागावलात का हो?"