उंबरदऱ्याची मुक्कामी गाडी

नाशिकहून पेठच्या डोंगरात जाणाऱ्या गाड्यांपैकी उंबरदऱ्याची गाडी मुक्कामी होती. संध्याकाळी सातला यायची, रात्रभर शाळेसमोरच्या पटांगणात उभी राहायची आणि सकाळी सहाला परत निघायची. ड्रायव्हर सावळीराम आणि कंडक्टर सहादू शाळेच्या पडवीत झोपायचे. त्यांचं जेवण गावातून यायचं, घराघरांच्या पाळीनं. चार वर्षांत ही पाळी एकदाही चुकली नव्हती.

त्या दिवशी साडेसहा झाले तरी गाडी हलली नाही. आत सात-आठ माणसं बसून होती. ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बारकूची मुलगी भागी होती. तेल लावून घट्ट वेणी घातलेली, मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत दहावीचा दाखला आणि नाशिकच्या एका नर्सिंगच्या शाळेचं मुलाखतीचं पत्र. मुलाखत अकरा वाजता होती आणि उशिरा येणाऱ्याचा विचार होणार नाही, असं पत्रात स्पष्ट लिहिलं होतं. उंबरदऱ्यातून दहावी झालेली ती पहिलीच मुलगी.

सावळीराम पडवीच्या पायरीवर बसला होता. शेजारी सहादूनं ट्रान्झिस्टर कानाला लावला होता. सकाळच्या बातम्या ऐकल्याशिवाय गाडी काढायची नाही, असं दोघांनी ठरवलं होतं.

"युनियनची बोलणी फिसकटली," सहादू हळूच म्हणाला. "रात्री बारापासून संप. म्हणजे आपली गाडी आता इथंच."

सावळीरामनं मान हलवली. त्याला ते अगदीच अनपेक्षित नव्हतं. काल दुपारी डेपोतून निघतानाच युनियनच्या माणसानं सगळ्यांना सांगितलं होतं, बोलणी फिसकटली तर रात्री बाराला गाडी जिथं असेल तिथं उभी. सगळ्यांनी हात वर करून कबूल केलं होतं. सावळीरामनंही केलं होतं, आणि मनापासून. डेपोतला त्याचा मित्र मल्हारी नऊ वर्षं रोजंदारीवर होता. आजारी पडला की त्याचा त्या दिवसाचा पगार जायचा, आणि जास्त दिवस पडला की नोकरीच जायची. हा संप मल्हारीसारख्यांसाठीच होता.

काल जेवणाची पाळी बारकूच्या घरची होती. बारकूच्या बायकोनं, चिमणाबाईनं, नागलीची भाकर आणि उडदाची आमटी वाढली. वाढताना तिच्या तोंडाला खळ नव्हता. "डायवरदादा, उद्या पोरीला पुढं बसवा बरं का. तिला गाडी लागते. आणि उतरल्यावर त्या शाळेचा रस्ता तेवढा दाखवा. माझी भागी पांढरी साडी नेसल." सावळीरामच्या ओठांवर आलं होतं, की उद्या गाडी निघेलच असं नाही. पण त्या माउलीचा चेहरा बघून त्याला ते बोलवेना. बोलणी जमतील, कशाला उगाच हिरमोड करायचा, असं म्हणून त्यानं भाकरीचा घास मोडला आणि गप्प राहिला.

गाडीतली माणसं आता खाली उतरून पायरीपाशी आली. सगळ्यांत पुढं म्हातारा मंगळू होता.

"काय मास्तर, डिझेल संपलं का काय?" त्यानं सहादूला विचारलं.

"डिझेल आहे, आजोबा. संप आहे."

"म्हंजे काय?"

सावळीरामनं समजावून सांगितलं. पगाराचं सांगितलं, रोजंदारीचं सांगितलं, सरकार ऐकत नाही म्हणून सगळ्यांनी मिळून काम थांबवलंय, हेही सांगितलं. मंगळूनं सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे तुमचं भांडण सरकाराशी."

"हो."

"सरकार कुठं ऱ्हातं?"

"मुंबईला."

"मंग मुंबईच्या गाड्या बंद करा की! आमाला तर नाशिकलाच जायचंय."

माणसं हसली. सहादूही हसला. बारकू तेवढा हसला नाही. तो मागं उभा राहून सावळीरामकडे टक लावून बघत होता. मग वळला आणि घराकडे भराभरा चालू लागला.

परत आला तेव्हा त्याच्या काखेत पाय बांधलेली कोंबडी होती. मागून चिमणाबाई, पदर डोक्यावर ओढलेला.

"डायवरदादा, रातचं मनावर घेऊ नका," बारकू म्हणाला. "घरात तांदूळ नव्हता. नागलीवर भागवलं तुमचं. चूक झाली आमची. ही घ्या, आत्ता शिजवून देते भागीची आई. पण राग सोडा."

"अहो बारकूभाऊ, राग कसला?" सावळीराम ताडकन उठला. "जेवणाचा काय संबंध? संप आहे, सगळ्या गाड्या बंद आहेत."

"सगळ्या बंद असतील. पण ही तर हितं हाय ना," चिमणाबाई म्हणाली. "हितं कोन बघतंय तुमाला? माझंच चुकलं. आमटीला मीठबी कमी पडलं व्हतं."

 आमटी चांगली होती, असं सावळीराम दोनदा म्हणाला. ते ऐकून दोघांना वाटलं, तो सभ्यपणानं म्हणतोय आणि राग अजून आतच आहे. बारकूनं कोंबडी त्याच्या पायाशी ठेवली.

सावळीराम गाडीकडे बघत राहिला. उठून स्टिअरिंगवर बसायचं आणि दोन-अडीच तासांत नाशिक. पण करंजाळीच्या फाट्यावर आपलीच माणसं उभी असणार. मागच्या संपात एकानं गाडी बाहेर काढली होती. नंतर वर्षभर डेपोत त्याच्या हातचं कुणी पाणी घेतलं नाही. पाणी न घेणं म्हणजे काय, हे सावळीरामला कुणी वेगळं सांगायला नको होतं. त्याच्या आज्यानं आणि बापानं ते जन्मभर सोसलं होतं. आपल्यातल्याच माणसांकडून ते पुन्हा सोसायचं?

सहादूनं त्याच्या मनातलं ओळखलं. "दादा, तू बसलास तर मी तिकिटं फाडीन," तो खाली बघत म्हणाला. "पण मल्हारीला उद्या तोंड तूच दाखव."

सावळीराम पुन्हा पायरीवर बसला.

आता तरी राग जाईल, मग तरी जाईल, असं म्हणत बारकू साडेसातपर्यंत तिथंच उभा राहिला. शेवटी भागीच गाडीतून उतरली. "बा, चल. फाट्यापातूर चालू. ट्रक मिळंल."

फाटा चार कोस होता. दोघं उतार उतरून दिसेनाशी होईपर्यंत सावळीराम उभा होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती दोघं परत आली. बारकूचे पाय सुजले होते. तो तडक घरात जाऊन पडला. भागी हापशीवर आली. सावळीराम तिथं कपडे धूत होता. गाडी सोडून जायचं नाही असा निरोप होता, म्हणून तो आणि सहादू गावातच अडकून पडले होते, आणि गाव त्यांना पाळीनं जेवू घालत होतं.

"काय झालं, पोरी?"

"फाट्याला दुपारपातूर ट्रक थांबला नाय. मंग गवताच्या ट्रकनं घेतलं. नाशिकला पोचलो तर पाच वाजून गेले. रातच्याला स्टँडवर झोपलो. कुत्रंबी नव्हतं तिथं." ती शांतपणे सांगत होती. "सकाळी गेले. मुलाखती झाल्या, यादी गेली म्हणाले. पुढच्या साली या."

"मग पुढच्या वर्षी—"

"पुढच्या साली बा थांबायचा नाय. लगीन ठरवंल." तिनं हंडा हापशीखाली ठेवला, पण दांडा धरला नाही. "दादा, स्टँडवर एक वॉचमन तेवढा होता. तो म्हणत होता, डायवर लोकांना आदल्या दिवशी दुपारीच सांगितलं होतं. खरं का?"

 खोटं बोलता आलं असतं.

"खरं आहे."

"रातच्याला सांगितलं असतं, तर आमी तवाच निघालो असतो. चांदणं होतं. पहाटंला भाजीचे ट्रक जातात तिथनं."

सावळीरामनं हातातला शर्ट दगडावर ठेवला. मग उठून म्हणाला, "मी तुझ्या बाला सांगतो. चूक माझी आहे म्हणून त्याच्या पाया पडतो."

"नको," भागी पटकन म्हणाली. "त्याला अजून वाटतंय, आईच्या जेवणानं तुमाला राग आला. आईबी तेच धरून बसलीये. घरचीच चूक झाली म्हणून दोघं एकमेकांना समजावतात. तुमाला आधीच म्हाईत होतं म्हटलं, की त्यांना काय करावं सुचायचं नाय. ऱ्हाऊ द्या."

तिनं दांडा धरला. सावळीराम पुढं झाला, पण तिनं त्याला हापसू दिलं नाही.

संप अजून चालूच होता, तेव्हा एका सकाळी दिंडोरीकडच्या द्राक्षबागांसाठी मुकादमाचा ट्रक आला. गावातली वीसेक माणसं निघाली. त्यात बारकू, चिमणाबाई आणि भागीही होती. ट्रक मोठा, पटांगणात वळायला जागा होईना, म्हणून मुकादम ओरडला, "अरे, ही एस्टी कुणाची? जरा मागं घ्या!"

सावळीराम उठला, स्टिअरिंगवर बसला, गाडी चालू केली आणि दहा पावलं मागं घेतली. ट्रकला वाट मिळाली.