सरकवलेली लाल पट्टी

मित्रांनो, गाडीचे बॉनेट उघडले की आत जे काळपट, तेलकट धूड दिसते, ते मी. मी एक जुने इंजिन आहे. माझ्या चार पिस्टनांपैकी तीन माझ्याच वयाचे आहेत आणि एक नवा आहे. तो का बसवावा लागला, ते सांगतो.

कारखान्यात मला घडवताना एक गोष्ट मुद्दाम केली होती. पेट्रोल मिसळलेली हवा मी खूप आवळतो, मूळ जागेच्या जेमतेम अकराव्या भागात. त्यामुळे थोड्या पेट्रोलवर मी पुष्कळ काम करतो. पण हवा मी माझ्या श्वासाने ओढायची, असे ठरले होते. कोणी ती जबरदस्तीने कोंबेल, हे माझ्या पिस्टनांच्या हिशोबात नव्हते.

घरातले वडील गेल्यावर गाडी ताईकडे आणि तिच्या धाकट्या भावाकडे आली. ताई आईला डायलिसिससाठी दवाखान्यात न्यायची. भाऊ सुट्टीच्या दिवशी फिरायचा. ताईचे चालवणे इतके जपून, की भाऊ म्हणायचा, "ताई, मागचा सायकलवाला घंटी वाजवतोय गं!"

भावाला वेगाची हौस होती. त्याने टर्बो आणला. टर्बो म्हणजे माझ्याच धुराच्या जोरावर गरगरणारा पंखा. तो माझ्या तोंडात हवा कोंबतो.

"प्रेशर किती ठेवायचं?" त्याने गॅरेजच्या मिस्त्रींना विचारले.

"हे इंजिन आधीच छाती आवळून बसलंय," मिस्त्री म्हणाले. "पाच पाउंड. फार तर सहा, तेही भारी पेट्रोलवर. त्यापुढे माझ्याकडे रडत यायचं नाही."

"नेटवर लोक बारा चालवतात."

"आणि त्यांचे पिस्टन कुठले, ते सांगतात का? सगळ्यांना एकच माप बसत नाही, बाळा."

मिस्त्रींनी डॅशबोर्डवर बसवलेल्या प्रेशरच्या मीटरवर सहाच्या आकड्यापाशी लाल चिकटपट्टी लावली आणि ताईला बोलावले. "काटा या पट्टीच्या पुढे जाऊ द्यायचा नाही. बाकी काही बघू नका."

ताईने तो शब्द तंतोतंत पाळला. काही महिने माझेही कौतुक झाले. भावाचे मित्र बॉनेट उघडून मला डोळे भरून बघायचे.

मग एका सुट्टीच्या दिवशी भावाने प्रेशरचा स्क्रू फिरवला. काटा नऊवर गेला. ताई हटकेल, म्हणून त्याने लाल पट्टी सोलली आणि नऊपाशी चिकटवली. ताई कुठे एवढा पाय देते, असे त्याला वाटले असावे.

पुढच्याच आठवड्यात, कडक उन्हात, रस्त्यात गाड्या तुंबल्या. दवाखान्यातली आईची वेळ टळत होती. वाट मोकळी झाल्यावर ताईने चढावर पाय दाबला. काटा आठवर गेला. तिने पट्टीकडे पाहिले. पट्टी अजून पुढे होती.

मित्रांनो, माझ्या आत ठिणगी पडली की आग शिस्तीने पसरते. पण जास्त हवा कोंबली, उष्णता वाढली, की कोपऱ्यातला वायू आपली पाळी येण्याआधीच पेटतो. पिस्टनवर हातोडी बसल्यासारखा घाव बसतो. गाडीतल्या संगणकाने ठिणगी उशिरा पाडून मला सावरायचा प्रयत्न केला. तो पुरला नाही. मी टकटक, टकटक सांगत राहिलो.

"अगं, ही गाडी दात का वाजवतेय?" आईने विचारले.

"दाराच्या कप्प्यात बाटली वाजत असेल, आई. काटा पट्टीच्या आत आहे ना, मग काळजी नको."

चढ संपायच्या आत माझ्या तिसऱ्या पिस्टनची कडा तुटली. मागे निळा धूर उसळला. आई सुजलेले पाय घेऊन फुटपाथच्या कडेला बसली. टॅक्सी मिळून दवाखान्यात पोहोचेपर्यंत तिची डायलिसिसची खुर्ची दुसऱ्या पेशंटला गेली होती.

दुसऱ्या दिवशी सगळे गॅरेजमध्ये जमले. "रात्रभर आई उशांना टेकून बसली होती, श्वासच पुरत नव्हता," ताई मिस्त्रींना सांगत होती. "सकाळी मशीन मिळालं, म्हणून निभावलं. पण मी एकदाही पट्टी ओलांडली नाही, शपथेवर सांगते!"

मिस्त्रींनी मीटरवर वाकून बोट टेकवले. सहाच्या आकड्यापाशी डिंकाचा चौकोनी डाग होता. त्यांनी भावाकडे पाहिले.

"मला वाटलं..." एवढेच भाऊ म्हणाला.

"चूक माझीही आहे," मिस्त्री पुटपुटले. "चिकटपट्टीच्या भरवशावर राहिलो. तो स्क्रू सील करायला हवा होता."

ताई ओरडली नाही. "माझं लक्ष रस्त्याकडे होतं रे," ती म्हणाली, "आणि भरवसा त्या पट्टीवर."

भावाने टर्बो स्वतःच्या हाताने उतरवला. मला नवा पिस्टन मिळाला. आई आता बरी आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्याकडून जास्त काम हवे असेल, तर आधी माझी घडण विचारा. दुसऱ्या कुणाचा आकडा माझ्यावर लादू नका. टकटक ऐकू आली, तर आधी पाय उचला. आणि दुसऱ्याच्या जिवासाठी लावलेली खूण सोयीसाठी हलवू नका.

मीटर अजून डॅशबोर्डवर आहे. काटा आता हलत नाही. तरी चढ आला की ताई रेडिओ बंद करते, काच खाली करते आणि माझा आवाज ऐकते. शेजारी भाऊ असला, तर पुढे बघतच विचारते, "तू काही हलवलं नाहीस ना?"

"नाही गं, ताई."

पुढच्या चढावर ती पुन्हा विचारते.