सत्ताविसावा प्रश्न

भर दुपारी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलेलं दिसलं आणि थोरल्याच्या मनात पाल चुकचुकली.

आईचं झेरॉक्सचं दुकान कोर्टाच्या अगदी समोर होतं. वडील गेल्यापासून एकोणीस वर्षं ती ते एकटी चालवत होती. बारा ते दोन या वेळात तिथे श्वास घ्यायला फुरसत नसायची. वकिलांचे कारकून, तारखेला आलेली माणसं, कुणाला चार प्रती, कुणाला दोन्ही बाजू, कुणाला नुसती एक पिन मारून हवी. अशा ऐन गर्दीच्या वेळी शटरवर कागद चिकटवलेला: 'तासाभरात येते.'

थोरला लिफ्टदुरुस्तीचं काम करायचा. कोर्टाच्या इमारतीतली लिफ्ट त्या आठवड्यात उघडून ठेवली होती, म्हणून त्याला हे दिसलं. सोमवारी दिसलं, बुधवारी दिसलं, गुरुवारीही दिसलं.

"दुपारी कुठे गेली होतीस?" संध्याकाळी त्याने विचारलं.

"टोनर आणायला," आई म्हणाली. तोंडातून शब्द निघाला न निघाला तोच भाजीत मीठ आहे का, असं तिनेच उलट विचारलं.

टोनरवाला दर मंगळवारी स्वतः दुकानात येतो, हे थोरल्याला चांगलं ठाऊक होतं.

दुसरा एखादा मुलगा असता तर त्याने ही गोष्ट सोडून दिली असती. त्रेपन्न वर्षांची बाई, गेली असेल कुठे पाय मोकळे करायला. पण थोरल्याला ते जमेना, कारण त्याच्या पोटात एक गोष्ट होती. दोन वर्षांपूर्वी अशाच एका गर्दीच्या दुपारी त्याने मशीनवर एक कागद ठेवला होता आणि म्हटलं होतं, "विजेच्या मीटरचा अर्ज आहे. कर सही पटकन." आईने सही केली होती. कागद मीटरचा नव्हता. दुकान त्याच्या एकट्याच्या नावावर करण्याचा होता. धाकटी बहीण दुसऱ्या शहरात सुखात होती, इथली सगळी धावपळ तो करत होता. तेव्हा त्याला ते अगदी रास्त वाटलं होतं. मात्र रास्त वाटूनही त्याने ते कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही.

शुक्रवारी तो स्पॅनर खाली ठेवून आईच्या मागे निघाला. ती रस्ता ओलांडून जुन्या वाचनालयात शिरली आणि जिना चढून तिसऱ्या मजल्यावर गेली. दाराच्या काचेतून त्याने पाहिलं. आई खिडकीजवळच्या टेबलापाशी बसली होती. शेजारी काळ्या कोटातली एक तरुण वकीलबाई होती. ती आईच्या कागदावर बोट ठेवून काहीतरी समजावत होती आणि आई मान हलवत होती.

थोरल्याच्या तोंडचं पाणी पळालं.

त्याने जिन्यातूनच बहिणीला फोन लावला. "आईला वकिलाकडे तू पाठवलंस का?"

"वकिलाकडे? कशाला?"

"तेच विचारतोय."

"दादा, मला काही ठाऊक नाही. पण तू एवढा का घाबरलायस?"

त्याने फोन ठेवून दिला. ठेवल्यावर वाटलं, ठेवायला नको होता. आता तिलाही संशय येणार.

त्यानंतर घरात त्याला जिथे तिथे पाणी मुरताना दिसू लागलं. आई मोबाईल पालथा ठेवायची. पूर्वी जेवताना कोर्टातल्या गमती सांगायची, आता घास हातात धरून कुठेतरी हरवायची. एकदा तर तिने सरळ विचारलं, "राजा, एखादी गोष्ट 'कदाचित खरी' आणि 'नक्की खरी' यांत फरक काय सांगशील?" त्याला ठसका लागला. बायकोने पाठ चोळली आणि आई उठून गेल्यावर म्हणाली, "सासूबाई कुठे जातात ते त्यांनाच विचारा ना सरळ. भिंतींना कान लावून काय मिळणारेय?"

पण त्याने सरळ विचारलं नाही. रविवारी आई अंघोळीला गेली तेव्हा त्याने तिची पिशवी उघडली. आत एक जाड वही होती, कोऱ्या बाजूच्या रद्दी झेरॉक्स शिवून केलेली. प्रत्येक पानावर वेळ आणि गुण: 'पस्तीस मिनिटं, तीसपैकी सोळा.' 'पस्तीस मिनिटं, तीसपैकी एकोणीस.' त्याला काही कळेना. मग सत्ताविसावा प्रश्न दिसला.

'क्षने यला सांगितले की हा साधा अर्ज आहे. यने न वाचता सही केली. पुढीलपैकी कोणते विधान क्षची बाजू सर्वात कमकुवत करते?'

खाली चार पर्याय. त्यांतल्या एकावर पेन्सिलीचा गोल आणि समासात आईच्या अक्षरात तीन शब्द: 'घाई केली. नडली.'

आई टॉवेलने केस पुसत बाहेर आली, तेव्हा तो वही हातात घेऊन तसाच उभा होता.

"माझ्यावर केस करतेयस?" त्याचा आवाज चिरकला. "स्वतःच्या मुलावर?"

आईने वहीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. टॉवेल खुर्चीच्या पाठीवर टाकून ती बसली.

"लॉ कॉलेजच्या प्रवेश परीक्षेची वही आहे ती. पुढच्या महिन्यात परीक्षा आहे. लग्नाआधी पदवी घेतली होती ना, ती चालते म्हणे. वाचनालयात एक वकील मुलगी रोज दुपारी घड्याळ लावून माझ्याकडून पेपर सोडवून घेते. शिफारसपत्रही तीच देणार आहे."

"आणि हे? घाई केली, नडली?"

"उत्तर चुकलं होतं माझं. 'क' हवं होतं, मी 'ड' केलं." तिने वहीतल्या त्या पानाकडे बोट केलं. "त्या प्रश्नातली बाई न वाचता सही करते. मी वाचून केली होती."

थोरल्याने वही मिटली.

"एकोणीस वर्षं दुसऱ्यांचे कागद मशीनवर पालथे घालतेय मी. माझ्या हाताखालून न वाचलेला कागद जाईल असं वाटलं तुला? तुझी पाठ वळली की त्याची एक झेरॉक्सही काढून ठेवली."

"मग सही का केलीस?"

"त्या गर्दीत तुला खोटं पाडायला जीभ उचलली नाही. वाटलं, संध्याकाळी येऊन सांगेल. मग वाटलं, महिन्याभरात सांगेल." तिचा स्वर पहिल्यांदा कडक झाला. "दोन वर्षं झाली."

"म्हणून कायदा शिकायला निघालीस?"

आई चक्क हसली. "इतका मोठा नाहीस तू, राजा."

मग तिने सांगितलं. मागच्या वर्षी एक सुतार दुकानात आला होता. हातात कोर्टाचा निकाल होता. 'ताई, यात काय लिहिलंय?' असं त्याने विचारलं. तिला अर्धं कळलं, अर्धं नाही. 'वकिलांना विचारा,' असं सांगून तिने त्याला तीन प्रती काढून दिल्या. त्याचा वकील तेव्हा गावाला गेला होता. अपील करायची मुदत त्याच दिवशी संपत होती, हे तिला नंतर कारकुनाकडून कळलं. सुताराची जागा गेली. "तारीख त्या कागदावर होती. मी ती पाहिली होती. पाहून पुढचं गिऱ्हाईक घेतलं."

थोरल्याने मोबाईल काढला. "मी छोटीला फोन करतो," तो म्हणाला.

"कर. इथेच बसून कर, मला ऐकू दे."

बहीण फोनवर रडली, मग खूप भांडली आणि पंधरा दिवस त्याच्याशी बोलली नाही. बायको बोलत होती, पण जपून, एखाद्या नवीन भाडेकरूशी बोलावं तशी.

आईने परीक्षा दिली. पहिल्या यादीत नाव आलं नाही. दुसऱ्या यादीत संध्याकाळच्या वर्गाला शेवटून चौथं आलं. मुलाखतीत कुणीतरी विचारलं म्हणे, या वयात कशाला? ती म्हणाली, "या वयात मी काहीतरी करणारच आहे, तर हे करते." थोरल्याला ते आईने नव्हे, वकीलबाईने सांगितलं. आई अजून त्याला मोजकंच सांगत होती. ती फोनवर हळू बोलली की त्याचे कान अजून आपोआप टवकारायचे. आता मात्र तो उठून दुसऱ्या खोलीत जायचा.

कॉलेज सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात बहीण आली. आधीचा कागद रद्द करून दुकान पुन्हा आईच्या नावावर करायचा नवा कागद वकीलबाईने तयार केला होता. तिघं जेवणाच्या टेबलापाशी बसली. थोरल्याने पेन उचललं.

"आधी वाच," आई म्हणाली. "मोठ्याने."

तो वाचू लागला. दुसऱ्या पानावर एका लांबलचक शब्दापाशी अडखळला, परत वाचला, पुन्हा अडखळला. "याचा अर्थ काय?"

आईने चष्मा पुढे ओढून तो शब्द नीट पाहिला. बहिणीनेही मान पुढे काढली.

"मलाही ठाऊक नाही," आई म्हणाली. तिने थोरल्याच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि त्या शब्दाखाली रेघ मारली. "सही उद्या. सकाळी त्या वकील मुलीला विचारून येते."