परत कामावर

सुशांतने अंधेरीतल्या एका गल्लीत डबिंगचा स्टुडिओ काढला, तेव्हा त्याच्याकडे कामाला एकटी श्वेता होती. आवाज घुमू नये म्हणून दोघांनी मिळून भिंतींवर गोधड्या ठोकल्या. तो काचेपलीकडे कलाकारांना संवाद समजावून द्यायचा, ती अलीकडे बसून रेकॉर्डिंग करायची. ती त्याला दादा म्हणायची आणि पटलं नाही की तोंडावर भांडायची. पुढे स्टुडिओ वाढला, माणसं वाढली. श्वेताचा करार दरवर्षी नव्याने व्हायचा. ती न वाचताच सही करायची.

मग ती बाळंतपणाच्या रजेवर गेली. ऋतिका झाली, आणि रजा संपायच्या आतच ऑफिसातून निरोप आला, करार संपला आहे, पुढे वाढवणार नाही. काहीतरी घोळ झाला असेल असं तिला वाटलं. तिने सुशांतला फोन केला, त्याने उचलला नाही. मग रोज करत राहिली. शेवटी तान्ह्या मुलीला घेऊन स्टुडिओवर गेली, तर वॉचमनने तिला खालीच थांबवलं.

"तुझा दादा आता साहेब झालाय," तिचा नवरा निलेश म्हणाला.

"एकदा समोर आला असता ना, तर मिटलं असतं रे," एवढंच ती म्हणत राहिली. कोर्टात जायला तिचं मन घेईना. अखेर भांडुपला त्यांच्याच इमारतीत राहणाऱ्या प्रबुद्ध नावाच्या वकिलांनी तिला समजावलं आणि केस घातली.

केस चालू होती तोवर ऋतिका बोलायला लागली. टीव्हीवर कार्टून लागलं की श्वेता आवाजांवरून ओळखायची, हे आपल्याकडचं. मुलगी चित्रं बघायची, ही डोळे मिटून ऐकायची. रेकॉर्डिंगच्या खोलीचं जड दार लागल्यावर आत पसरणारी शांतता तिला आठवायची. घाटकोपरच्या एका स्टुडिओत तिने थोडे दिवस काम केलं, पण जीव रमला नाही.

निकाल तिच्या बाजूने लागला. कराराचं निमित्त होतं, खरं कारण बाळंतपण होतं, असं न्यायाधीशांनी म्हटलं आणि तिला पूर्वीच्याच कामावर परत घ्यायला सांगितलं. कोर्टाबाहेर सुशांत उभा होता. केस पिकले होते त्याचे. ती पुढे झाली, तोवर तो गाडीत बसून निघून गेला.

कामावर तिला रिसेप्शनजवळ एक टेबल मिळालं. काम काहीच नाही. काही दिवस तिने काढले, मग सरळ त्याच्या केबिनमध्ये गेली.

"दादा, कोर्टाने पूर्वीचं काम म्हटलंय. टेबल नाही."

"काढलंस परत कोर्ट," तो स्क्रीनकडे बघतच म्हणाला. "इतक्या वर्षांची आपली ओळख, आणि मला पिंजऱ्यात उभं केलंस."

"मी फोन किती केले?"

"वकील म्हणाले, केस चालू असताना बोलायचं नाही."

"केस नंतर झाली. फोन आधी केले होते."

आता त्याने तिच्याकडे पाहिलं. "मला तोंड नव्हतं गं. एचआरवाले म्हणाले, करार संपतोय तर संपू दे. मी हो म्हटलं. मग तुझ्याशी काय बोलणार होतो?"

ती केबिनमधून बाहेर आली. दुसऱ्या दिवशी सकाळचं रेकॉर्डिंग तिला मिळालं. दार लागलं, शांतता तशीच पसरली. काचेपलीकडे मात्र नवा दिग्दर्शक होता. सुशांत आता खोलीत येत नसे. काम करता करता तिची नजर काचेकडे जायची, आणि तिथे परकाच चेहरा असायचा.

पुढच्या वर्षी स्टुडिओतल्या तेजलला दिवस गेले. ती संवादांचं भाषांतर करायची. एका दुपारी सुशांत स्वतः कँटीनमध्ये आला, खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला.

"हवी तेवढी रजा घे," तो म्हणाला. "तुझी जागा तुझीच आहे. कुणी वेगळं काही सांगितलं तर आधी मला सांग."

शेजारी श्वेता डबा खात होती. तिच्याकडे न बघताच तो उठून गेला.

"किती चांगले आहेत ना सर," तेजल म्हणाली.

"हो," श्वेता म्हणाली, "होताच तो तसा." आणि अर्धा उरलेला डबा तिने झाकून ठेवला.