मुळांचा फोटो

"फोटो नको," म्हणत आईने माझी बाही इतकी ओढली, की मी दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीत तिरपी झाले.

"आई, गणवेश फाटेल."

"फाटू दे."

डॉक्टर मुनाकाता चिडले नाहीत. आमच्या कोरियामा शहरात अशा आया त्यांनी पुष्कळ पाहिल्या असणार. "चिहारुच्या आई, मीही उगाच एक्स-रे काढत नाही. पण हिचे पुढचे दोन दात हलतायत. मुळं किती उरलीत ते न बघता तार ओढणार नाही. या एका फोटोत किरण इतके कमी, की आपण नुसते उभे राहून दिवसभरात त्याहून जास्त घेतो."

"कुठे उभं राहिलो, त्यावर असतं ते," आई म्हणाली.



माझी आई शाळेच्या स्वयंपाकघरात भात शिजवते, कुणाच्या अध्यातमध्यात नसते. अणुप्रकल्प फुटला तेव्हा आम्ही किनाऱ्याजवळ राहायचो. नळ बंद पडले होते. मला पाठीशी बांधून ती पाण्याच्या रांगेत दिवसभर उभी होती. वारा आमच्याकडेच येतोय, हे तिला कुणी सांगितलं नाही. बालवाडीत आम्हा सगळ्या पोरांच्या गळ्यात किरण मोजणारा बिल्ला असायचा. मी माझ्या बिल्ल्यावर मांजर काढलं, तेव्हा तिने मला मारलं. एकदाच.

माझ्या दातांना तार बसवली तेव्हा ती जुन्या डॉक्टरांपुढे कमरेत वाकली होती: उपचार चालू असताना मधे एक्स-रे नकोत. ते भले गृहस्थ. हो म्हणाले, आणि न बघताच तार आवळत राहिले. आता ते दवाखाना बंद करून गावी गेलेत.

यंदा मी वादविवाद मंडळात आहे, त्यामुळे मला गप्प बसणं जमत नाही. "आई, दात माझे आहेत. मी काढणार फोटो."

तिने बाही सोडली. माझ्या गळ्याला बांधलेली, किरण अडवणारी शिशाची पट्टी स्वतः नीट केली आणि दाराबाहेर जाऊन उभी राहिली.

आई आत आली तेव्हा पडद्यावर माझ्या दातांची मुळं चावलेल्या पेन्सिलींसारखी दिसत होती.

"तारेची ओढ आजपासून बंद," डॉक्टर म्हणाले. "झिजलेली मुळं परत वाढत नाहीत. दात किती वर्षं टिकतील, सांगता येणार नाही. पुढच्या दातांनी काही तोडायचं नाही."

"आधी फोटो काढला असता तर?" आईने विचारलं.

डॉक्टरांनी आधी माझ्याकडे पाहिलं. "तर लवकर थांबता आलं असतं."

"चला, नखं खायची सवय सुटली," मी म्हटलं. कुणी हसलं नाही. आई डॉक्टरांपुढे वाकली, ती बराच वेळ तशीच.

स्टेशनापाशी मी सोया लावून भाजलेलं कणीस घेतलं.

"दे इकडे," आई म्हणाली.

बाकावर बसून तिने मांडीवर रुमाल पसरला आणि अंगठ्याने एकेक दाणा सोलायला लागली, तुटू न देता, मुळापासून. आमची गाडी आली आणि गेली. तिने मान वर केली नाही.