हिरव्या द्राक्षांची वाफ

दक्षिण कोरियातल्या मोक्पोच्या बंदराजवळ, सुक्या मासळीच्या दुकानाच्या माडीवर योम वोल-सन बाई पान्सोरीचं गाणं शिकवायच्या. या गाण्यात गाणारी एक आणि ढोलवाला एक, बाकी साथीला कुणी नसतं. गाणारी पंखा हातात घेऊन तास-तासभर कथा गाते आणि ढोलवाला शेजारी मांडी घालून ठेका धरतो, अधूनमधून "वाहवा, असंच" म्हणून तिला चढवतो. योमबाईंच्या शेजारी गेली सव्वीस वर्षं मेंग दॉक-सू बसत होते. वय अडुसष्ट, डोक्यावर चार केस, पण हातात अजून असा ठेका की ऐकणाऱ्याची मान आपोआप डोलायला लागावी.

आठ वर्षांपूर्वी बाईंनी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं, "अहो मेंग, एक तर सिगारेट ठेवा, नाहीतर माझं गाणं. माझ्या गळ्याला दोन्ही परवडत नाही." मेंगनी त्याच दिवशी पाकीट बंदरावर एका कोळ्याला देऊन टाकलं. चार वर्षं त्यांनी नेटाने काढली. मग एकदा स्टेशनजवळच्या दुकानात एका पोराने अंगठ्याएवढी ई-सिगारेट त्यांच्या तळहातावर ठेवली. "आजोबा, यात जाळ नाही, राख नाही. नुसती वाफ. हिरव्या द्राक्षांचा स्वाद आहे, ओढून तर बघा."

वाफ म्हटल्यावर मेंगना हायसं वाटलं. भाताच्या कुकरमधूनही वाफच निघते, तिच्याने कुणाचं काय बिघडतं? बाईंना सांगायचं मात्र राहून गेलं. म्हणजे मेंग स्वतःला तसं सांगत, की राहून गेलं.

वर्गाच्या मागे ढोल, झगे आणि बसायच्या उशा ठेवायची एक लहानशी खोली होती. वर्ग सुरू व्हायच्या आधी आणि मधल्या सुट्टीत मेंग "ढोलाचं कातडं बघून येतो" म्हणून तिथे जायचे, दार ओढून घ्यायचे आणि चार झुरके मारायचे. विद्यार्थिनींना त्याचं मोठं कौतुक. लाँड्रीवाल्या कोबाई तर सगळ्यांना सांगायच्या, "वाद्याची काळजी कशी घ्यावी ते मेंगकाकांकडून शिका. माझा नवरा माझी इतकी विचारपूस करत नाही." मेंग खाली मान घालून ढोल पुसत बसायचे.

त्या वर्षी वर्गात गिल मि-रान नावाची नवी विद्यार्थिनी आली. वय त्रेचाळीस, शहर बसची ड्रायव्हर. लहानपणापासून दम्याची, श्वासाचा व्यायाम होईल म्हणून आली होती. पहिल्या दिवशी तिने तोंड उघडलं आणि मेंगचा हात ढोलावर अधांतरीच थांबला. जाडसर, किंचित फाटका, तळातून येणारा आवाज. असा आवाज मुद्दाम कमवायचा म्हटला तर लोक डोंगरात जाऊन वर्षानुवर्षं ओरडतात. बाईंनी मेंगकडे पाहिलं, मेंगनी बाईंकडे. त्या दिवशी वर्ग अर्धा तास जास्त चालला. वसंतातल्या कार्यक्रमात मि-रानने वीस मिनिटं एकटीने गायचं असं ठरलं.

नोव्हेंबरात समुद्रावरचा वारा बोचायला लागला, तसा बायकांनी दरवर्षीप्रमाणे खिडक्यांना फुगेवाला प्लास्टिकचा कागद चिकटवला आणि फटी टेपने बुजवल्या. खालून तापवलेली जमीन, खोली उबदार, चुलीवर जवाचा चहा, मधे संत्र्यांची टोपली. आणि तेव्हापासून मि-रान खोकायला लागली. आधी मधल्या सुट्टीनंतर, मग आल्या आल्याच. लांब सूर धरला की छातीत शिटी वाजायची. ती बाहेर जिन्यात जाऊन दम्याच्या औषधाच्या फवाऱ्याची नळी तोंडात धरायची आणि डोळे पुसत परत यायची.

"आज गोड गोड कसला वास येतोय?" एकदा तिने विचारलं.

"संत्री सोलली ना आत्ता," कोबाई म्हणाल्या.

मेंगनी ढोलाची दोरी उगीचच आवळली.

कोबाईंनी घरून आपलं जुनं एअर प्युरिफायर आणलं आणि मागच्या खोलीच्या दाराजवळ ठेवलं. हवा स्वच्छ असली की त्याचा दिवा निळा, धूळ वाढली की पिवळा, फारच वाढली की लाल. वर धुळीचा आकडाही दिसायचा. त्या दिवशी मधल्या सुट्टीत मेंग दार सरकवून बाहेर आले आणि दिवा निळ्याचा एकदम लाल झाला, आतला पंखा बस चढावर लागावी तसा गुरगुरायला लागला.

"बघा, यंत्रसुद्धा काकांना बघून लाजलं," कोबाई म्हणाल्या. सगळ्या हसल्या. मेंगही हसले, पण त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

पुढच्या वर्गालाही तसंच झालं. बायकांनी तर्क लढवले. ढोलाचं कातडं जुनं, त्याची भुकटी उडत असणार, म्हणून ढोल गच्चीवर नेऊन झटकला. झगे धुतले. चहाची किटली जिन्यात नेली. दिवा मेंग आले की लालच. बाई शेवटी म्हणाल्या, "अहो मेंग, तुम्ही अंघोळ तरी करता ना?"

"रोज करतो, बाई."

"मग डोक्याचा कोंडा असेल."

"डोक्यावर केसच कुठे आहेत?" मेंग म्हणाले, आणि सगळ्यांबरोबर हसताना त्यांनी ई-सिगारेट ठेवलेल्या खिशावरचा हात काढला नाही.

शुक्रवारी वर्ग नसायचा. मेंग दुपारी एकटेच माडीवर गेले. यंत्र सुरू केलं. आकडा नऊ, दिवा निळा. त्यांनी आधी किटली उकळत ठेवली आणि खोलीभर वाफ होऊ दिली. आकडा जेमतेम पंधरावर गेला. मग ते मागच्या खोलीत गेले, दार घट्ट लावून दोन झुरके मारले आणि वास जाईपर्यंत आतच थांबले. बाहेर येऊन बघतात तो आकडा दोनशेच्या वर. त्यांनी खुर्ची ओढली आणि समोर बसून राहिले. वास केव्हाच गेला होता, डोळ्यांना काही दिसत नव्हतं, तरी आकडा खाली यायला पाऊण तास लागला.

त्यांना वाटलं, जिन्यात ओढू. जिन्यात जाऊन एक झुरका मारला, लगेच वर येऊन यंत्रासमोर उभे राहिले आणि नुसता श्वास सोडला. दिवा पिवळा. म्हणजे ते बाहेर जाऊन आले तरी छातीत भरून थोडं आत आणतच होते.

भिंतीवर मोठा आरसा होता, गाताना तोंड कसं उघडतं ते बघायचा. मेंगनी त्यावरून पांढरं फडकं फिरवलं. फडक्यावर पिवळट, चिकट थर आला. दुकानातला पोरगा नुसती वाफ म्हणाला होता. वाफ अशी चिकटून बसत नाही. मेंग फडकं हातात घेऊन बसले असतानाच जिन्यात पावलं वाजली.

मि-रान होती. बसच्या गणवेशात, हातात गाण्याचा पंखा. "बाई नाहीत का?"

"सार्वजनिक न्हाणीघरात गेल्यात, दर शुक्रवारी जातात. बस."

ती बसली नाही. पंखा तिने उशीवर ठेवला. "काका, हा बाईंना द्या. तोंडावर सांगायचा धीर होत नाही म्हणून मुद्दाम त्या नसताना आले. मी सोडतेय."

"का गं?"

"गाणं मला मानवत नाही. दिवसभर बस चालवते, धूर, धूळ, सगळं असतं, तरी एकदा खोकत नाही. इथला जिना चढले की छाती आवळते. डॉक्टरांनी औषध वाढवलं, तरी तेच. या गळ्यात गाणं नाहीच बहुतेक." ती हसायचा प्रयत्न करत होती. "वाईट वाटतं हो. सहा महिने छान गेले. सिग्नलला थांबले की गुणगुणायची. एक आजी तर माझी बस मुद्दाम पकडायच्या."

मेंगना वाटलं, आत्ता गप्प बसलो तर ही जिना उतरून जाईल आणि आपल्याला कुणी कधी काही विचारणार नाही. त्यांनी खिशात हात घातला आणि ती अंगठ्याएवढी वस्तू पंख्याशेजारी ठेवली.

"गळा चांगला आहे तुझा," ते म्हणाले. "वाईट हे आहे. मागच्या खोलीत मी ओढतो. चार वर्षं झाली."

मि-रान त्या वस्तूकडे बघत राहिली. "द्राक्षांची?"

"हिरव्या."

"मला वाटायचं संत्री." ती हळूच खाली बसली. मेंगनी यंत्राचा आकडा, आरसा, फडकं, सगळं तिला सांगितलं. सांगताना आवाज चोरटा झाला होता.

"काका, याच्यापायी मी बसमधून दोन माणसं उतरवलीत," ती शेवटी म्हणाली. "एक तर तुमच्याच वयाचा. तोही म्हणत होता, नुसती वाफ आहे. मी त्याला म्हटलं, वाफ असेल तर स्वतःच्या घरात बायकोच्या तोंडावर सोडा. तुम्हाला आता काय म्हणू?"

"तेच म्हण. मी ऐकून घेतो."

"महिनाभर मी रात्री उशीला टेकून बसून झोपतेय. मला वाटलं, माझ्यातच काहीतरी कमी आहे." तिचे डोळे भरले होते, पण आवाज चढला नाही. "मी काही म्हणणार नाही. बाईंना तुम्ही सांगायचं, माझ्यासमोर. आणि सगळ्यांसमोर."

सोमवारी मेंगनी सांगितलं. ढोल समोर न घेता बसले होते, त्यामुळे हात कुठे ठेवावेत तेच कळत नव्हतं. कोबाई "अगं बाई" म्हणून थांबल्या. योमबाईंनी हातातला पंखा मिटला.

"सव्वीस वर्षं मी तुमचा चेहरा बघून गातेय," त्या म्हणाल्या. "तुमची भुवई हलली तरी मला कळतं पुढचा ठेका कोणता. आणि चार वर्षं हे कळलं नाही?"

"मी लपवायला हुशार, बाई."

"हुशार कसले? तुम्ही आलात की यंत्र ओरडत होतं आणि आम्ही ढोल झटकत बसलो. अडाणी आम्हीच." मागे कुणाला तरी हसू आवरलं नाही, आणि मग बाईंच्याही ओठाचा कोपरा हलला. पण त्या तेवढ्यावर सोडणाऱ्या नव्हत्या. "आज गाणं नाही. खिडक्या उघडा, बादल्या आणा. भिंती पुसायच्या, आरसा पुसायचा, पडदे कोबाईंच्या लाँड्रीत. मेंग, छत तुमच्याकडे."

फुगेवाला कागद टराटरा निघाला आणि खारा, गार वारा आत घुसला. सगळ्या कोट घालून, डोक्याला रुमाल बांधून कामाला लागल्या. मि-रानला बाईंनी आत येऊ दिलं नाही. तिने खाली मासळीवाल्याच्या शेगडीजवळ बसून सगळ्यांसाठी कालवांची धिरडी भाजली. मेंग शिडीवर चढून छत पुसत होते. दुपारपर्यंत बादलीतलं पाणी चहासारखं झालं. कोबाईंनी ती बादली त्यांच्या नाकासमोर धरली. "घ्या काका, तुमचा द्राक्षांचा रस."

बाईंनी नियम घातला: ओढायचंच असेल तर बंदराच्या टोकाला जाऊन ओढायचं आणि पुरता अर्धा तास फिरून मगच जिना चढायचा. मेंगनी तो आठ दिवस पाळला. डिसेंबरातल्या वाऱ्यात नाक लाल व्हायचं, बोटं ढोल धरण्याच्या लायकीची राहायची नाहीत. नवव्या दिवशी ते आरोग्य केंद्रात गेले. तिथल्या परिचारिकेने दंडावर निकोटीनची पट्टी चिकटवली आणि त्यांची पाठ थोपटली. "ती वाफ नसते, आजोबा. तेलासारखे बारीक बारीक थेंब असतात, त्यात निकोटीनही असतं. तुमच्या तोंडातून सुटले की शेजाऱ्याच्या छातीत जातात. ज्याला दमा आहे त्याला आधी कळतं, बाकीच्यांना कळायला वेळ लागतो इतकंच."

"मला आमच्या बस ड्रायव्हरने कळवलं," मेंग म्हणाले.

सोडणं सोपं गेलं नाही. फेब्रुवारीत एकदा ते घसरले, बंदरावर जाऊन कुणाची तरी मागून ओढली, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच मि-रानला सांगून आले. ती म्हणाली, "मग आज अर्धा तास नाही, तासभर फिरून या." ते फिरून आले. मि-रानचा दमाही काही जादूने गेला नाही. थंड हवेत अजून त्रास व्हायचा, फवाऱ्याची नळी झग्याच्या पट्ट्यात खोचलेली असायची. पण वर्गात ती आता तीन-तीन तास गात होती आणि रात्री आडवी होऊन झोपत होती.

एप्रिलमध्ये चेरीची झाडं फुलली तेव्हा नगर सभागृहात कार्यक्रम झाला. पहिल्या रांगेत तिच्या मार्गावरचे सहा ड्रायव्हर गणवेशातच येऊन बसले होते. मि-रान उभी राहिली, पंखा उघडला, आणि पहिली दहा मिनिटं सगळं सुरळीत चाललं. मग समुद्राच्या वर्णनाशी येऊन ती पुढची ओळच विसरली. तिने मेंगकडे पाहिलं. मेंगनी घाई केली नाही. ढोलावर एक संथ, लांब ठेका धरला, जणू कथेत इथे लाटच यायची होती, आणि म्हणाले, "घे, श्वास घे, समुद्र कुठे पळत नाही."

लोकांना वाटलं, हे गाण्यातलंच. सभागृह हसलं. मि-रानने पोटापासून श्वास भरून घेतला, ओळ सापडली, आणि तिने तो सूर इतका लांब धरला की पहिल्या रांगेतल्या एका ड्रायव्हरने नकळत आपला श्वास रोखून धरला. पडद्यामागे उभ्या असलेल्या योमबाई हातातला रुमाल चुरगाळत स्वतःशीच ठेका मोजत होत्या.

नंतर सगळे बंदरावर ऑक्टोपसचा रस्सा खायला गेले. मि-रानने दोन वाट्या संपवल्या आणि तिसरी मागवली.

"काका, मी ओळ विसरले ते कुणाला कळलं नाही ना?"

"बाईंना कळलं," मेंग म्हणाले. "उद्या सकाळी सात वाजता बोलावलंय, तुला आणि मला, दोघांनाही."